पहिलं काम

निवडून आलात तर पहिलं काम कोणतं कराल, हा प्रश्न आमच्या मुरगुडात नगरपालिकेच्या प्रत्येक निवडणुकीत विचारला जातो. पेपरचा बातमीदार विचारतो, चौकातली मंडळं विचारतात, चहाच्या टपरीवर बसलेले रिकामटेकडेही विचारतात. उत्तर पन्नास शब्दांत द्यायचं असतं. बाजूला पासपोर्ट आकाराचा फोटो. अशी कात्रणं आम्ही वहीत चिकटवून ठेवली आहेत. उर्दू शाळेतल्या मास्तराला हा कसला छंद, असं घरातून विचारलं जातं. छंद वगैरे काही नाही. त्यातलं एक कात्रण आम्ही स्वतः लिहिलेलं आहे. नाव दुसऱ्याचं, फोटो दुसऱ्याचा, शब्द आमचे. ते अजून गळ्यात अडकलेलं आहे, म्हणून ही हकीकत.

(आमच्या कोल्हापूरकडे माणूस एकटा असला तरी 'आम्ही' म्हणतो. तेव्हा वाचकांनी आमच्या पाठीशी कुणी जमात उभी आहे असं समजू नये.)

गोष्ट २०१६ ची. तेव्हा आमचं बी.एड. होऊन थोडेच दिवस झाले होते. बाहेरगावच्या एका उर्दू शाळेत नोकरी लागली होती, एसटीनं जाऊन-येऊन. शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं. मराठी शिकलो ती गल्लीतून, बाजारातून आणि वाचनालयातून. पण मोहल्ल्यात मराठी शुद्ध लिहिणारा म्हणून आमचंच नाव. रेशनकार्डाचा अर्ज असो, लग्नपत्रिका असो, वीज बिलाची तक्रार असो, कागद आमच्याकडे यायचा. 'सर, जरा चांगल्या भाषेत लिवा' असं म्हटलं की आमची छाती दोन इंच फुगायची. हे आधी कबूल करून टाकतो, कारण पुढं जे झालं ते त्या फुगलेल्या छातीमुळेच झालं.

त्या साली नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा होता. प्रभागात दोन-दोन सदस्य. म्हणजे एका मतदारानं तीन बटणं दाबायची. आमच्या जिल्ह्यात मतदान २७ नोव्हेंबरला. आणि ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या! प्रचार ऐन रंगात यायचा, त्या वेळी उमेदवार बँकेच्या रांगेत. छापखानेवाला जुनी नोट घेईना, रिक्षावाला घेईना, मंडपवाला म्हणाला उधारीवर करतो पण लिहून द्या. आमच्या आठवणीत इतकी गरीब निवडणूक दुसरी झाली नाही.

या निवडणुकीत आमच्या चाची उभ्या राहिल्या. अपक्ष. प्रभाग कोणता, किती मतं पडली, हे लिहीत नाही. गाव लहान आहे. जागा नागरिकांच्या मागास प्रवर्गातल्या स्त्रीसाठी राखीव निघाली आणि चाचांच्या डोक्यात दिवा लागला. चाचा पिंजारी, चाचीचं माहेरही पिंजाऱ्याचं. गाद्या भरणं, कापूस पिंजणं हा पिढीजात धंदा. चाचांचा धंदा तयार गाद्यांनी आणि फोमनं केव्हाच बसवला होता; पण जात कागदावर आणायची तर पुरावा लागतो. बाईचा दाखला माहेरच्या कागदांवरून निघतो. आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. चाचा चाचीच्या माहेरगावी तीन फेऱ्या मारून आले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात चाचीच्या वडिलांच्या नावापुढे जातीच्या रकान्यात एकच शब्द: मुसलमान. त्या काळच्या मास्तरानं विचारलंच नसेल. मुसलमान म्हटलं की झालं, पुढं काय विचारायचं? शेवटी वडिलांच्या थोरल्या भावाच्या नोंदीत 'मुसलमान पिंजारी' असे दोन शब्द सापडले आणि त्या एका जादा शब्दावर चाचीची उमेदवारी उभी राहिली.

आम्ही स्वतः मास्तर. आमच्याही शाळेत जनरल रजिस्टर आहे. तेव्हापासून त्या रकान्याशी आमचा पेन जरा जास्त वेळ थांबतो.

चाचीविषयी थोडं सांगायला हवं. उर्दू चौथी पास. मराठी बाजारापुरती, पण ती बाजारात फर्डी. गादीचा धंदा बसल्यावर तिनं बांगड्यांची पेटी डोक्यावर घेतली आणि आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करू लागली. आज एका गावी, परवा दुसऱ्या. कुणाच्या हातात किती नंबरची बांगडी जाईल हे ती लांबून मनगट बघून सांगायची. पंचक्रोशीतल्या निम्म्या लेकी-सुनांचे हात तिच्या हातातून गेलेले. चाचांना वाटायचं मतं आपल्या ओळखीवर मिळणार. आम्हाला आतून माहीत होतं, मिळाली तर ती चाचीच्या बांगड्यांवर मिळणार.

एक दिवस बातमीदार आला. पोरगा ओळखीचा. सोप्यात बसला, मोबाइल काढला आणि म्हणाला, "बोला मावशी, निवडून आलात तर पहिलं काम कोणतं?" चाची आतल्या दाराशी पदर सारखा करत उभी होती. तिनं तोंड उघडायच्या आत चाचा म्हणाले, "कब्रस्तानची भिंत." मग जरा थांबून, "आणि मोहल्ल्यात लायटी. आणि समाजासाठी हॉल." पोरगा म्हणाला, "सर, तुम्हीच पन्नास शब्दांत लिहून द्या. जास्त झालं तर वर कापतात."

आम्ही लिहिलं. "मुस्लिम समाजाच्या कब्रस्तानास संरक्षक भिंत बांधणे, प्रभागात पथदिव्यांची सोय करणे व समाजबांधवांसाठी सुसज्ज सभागृह उभारणे यांस माझे प्रथम प्राधान्य राहील." वाक्य आम्हाला फार आवडलं. 'यांस' वर तर आम्ही खूश होतो. खरी गंमत अशी की भिंत होतीच. चांगली छातीभर. निवडणूक आली की ती कागदावर दोन-चार फूट वाढायची आणि निकालानंतर परत मूळ उंचीवर यायची.

चाची चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मेरेकू बी पुछना था ना बाबा."

आम्ही हसून म्हणालो, "बोल ना चाची."

"बाजारमें औरतां कां जाते, मालूम हय तेरेकू?"

आम्हाला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि आम्ही खाली बघितलं. ती मात्र थांबली नाही. सकाळी सातला पेटी घेऊन निघायचं. संध्याकाळी सहाला घरी. मधल्या वेळात पाणी प्यायचं नाही. पाणी प्यालं तर जावं लागतं, आणि जायला जागा नसते. पुरुषांना कुठलीही भिंत चालते. भाजीवाल्या, बोंबील-सुकट विकणाऱ्या, झाडू विकणाऱ्या, सगळ्यांची तीच गत. हिंदू काय, मुसलमान काय. एखादीची पाळी असेल तर विचारूच नका. चाचीला दोनदा मुतखडा झाला होता. डॉक्टरनं पाणी भरपूर प्या म्हणून सांगितलं होतं, आणि ते ऐकून ती डॉक्टरच्या तोंडावर हसली होती. "ये लिख," ती म्हणाली, "पैला काम ये."

चाचा ओरडले. "पेपरमें ये लिखते क्या? फोटू तेरा, और नीचे मुतारी?" बातमीदार पोरगा मोबाइलशी चाळा करत बसला. आणि आम्ही, बी.एड. झालेले, बालमानसशास्त्र, लिंगभाव, समान संधी वगैरेंवर परीक्षेत पानं भरून आलेले आम्ही, कागदाची घडी घातली आणि पोराच्या हातात दिली. लिहायचं म्हटलं असतं तर जागा होती. पन्नास शब्दांतले निम्मेही खर्च झाले नव्हते.

दोन दिवसांनी छापून आलं. चाचांनी पेपरच्या दहा प्रती आणल्या. चाचीला मराठी वाचता येत नाही. तिनं फक्त फोटो बघितला.

चाची पडल्या. पुढच्या बाजारला पेटी घेऊन गेल्या. निकालाच्या दिवशी गुलाल उधळला गेला तो दुसऱ्यांच्या अंगणात. गाव मात्र एका वेगळ्याच कारणासाठी आमच्या लक्षात राहिलं. त्या निवडणुकीत थेट जनतेतून नगराध्यक्ष झाले राजेखान जमादार. शिवसेनेचे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो: नाव काय म्हणालात, आणि पक्ष कोणता म्हणालात? आमच्या भागात मात्र त्याचं कुणाला फार नवल वाटलं नाही. कागल तालुका हा गटांचा तालुका. मंडलिक गट, घाटगे गट, मुश्रीफ गट. मुरगुडात त्यात पाटील गट. पोरगं जन्माला आलं की आधी गट ठरतो, मग नाव ठेवतात, असं आमच्याकडे गमतीनं म्हणतात. सदाशिवराव मंडलिकांनी कोल्हापूरची खासदारकी १९९८ पासून चार वेळा जिंकली, शेवटची २००९ ची तर अपक्ष म्हणून. हसन मुश्रीफ १९९९ पासून सहा वेळा सलग कागलचे आमदार. ज्या मतदारसंघात मुसलमान मूठभर आहेत तिथं हे घडतं. याचा सरळ अर्थ असा की आमच्याकडे मुसलमान उमेदवार मुसलमानांच्या मतांवर निवडून येत नाही. येऊच शकत नाही. तो ऊसवाल्याच्या, दूधवाल्याच्या, गटाच्या मतांवर येतो.

मग आमच्या गल्लीतला उमेदवार, तोही आपल्याच गल्लीपुरता उभा असलेला, पहिलं काम विचारल्यावर कब्रस्तान का म्हणतो? यावर आम्ही पुष्कळ विचार केला. वहीतली कात्रणं पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या प्रभागांतले उमेदवार गटारीचं बोलतात, पाण्याच्या वेळेचं बोलतात, कचऱ्याचं बोलतात. आमच्या गल्लीत आलेला पाहुणा पुढारी मात्र खुर्चीवर बसल्या बसल्या विचारतो, "तुमच्या समाजासाठी काय करायचं, सांगा." प्रश्न समाजासाठी आला की उत्तरही समाजाचंच जातं. आणि समाज म्हटलं की समोर बसलेले असतात पाच-सात दाढीवाले बुजुर्ग आणि मागं टोपी घातलेली पोरं. त्यांना घरातल्या नळाची वेळ माहीत नसते. नळाशी उभ्या असतात त्या बायका. मुरगूडला पाणी येतं ते सर पिराजीराव तलावाचं, कागलच्या घाटग्यांच्या नावाचा तो तलाव. आमच्या चुलीवरच्या चहात तेच पाणी आणि पुढाऱ्याच्या चहातही तेच. पण त्या पाण्याविषयी आम्हाला कुणी विचारत नाही, आणि आम्हीही आपण होऊन बोलत नाही.

भिंत मागण्यात एक सोय आहे, हेही खरं. भिंतीला कुणाचा विरोध नसतो. मागणाऱ्याची इज्जत राहते, देणाऱ्याला पाटी लावता येते. अल्पसंख्याक विभागाच्या योजनेतून कब्रस्तानाच्या कामांना वेगळा निधी मिळतो, तेव्हा पालिकेच्या तिजोरीलाही फार धक्का लागत नाही. शिवाय भीती आहे. कब्रस्तानाच्या जमिनीवर कुणाकुणाचा डोळा असतो, कुठं रस्ता घुसतो, कुठं गोठा घुसतो, हे महाराष्ट्रभरच्या मुसलमानांनी बघितलं आहे. त्या भीतीला आम्ही हसत नाही. आमचे अब्बाही तिथंच आहेत. पण माणूस साठ-सत्तर वर्षं भिंतीच्या अलीकडे काढतो; तेवढ्या काळासाठी काय मागायचं, हे ठरवायला आम्हाला कधी वेळच मिळालेला दिसत नाही.

एकदा चिडून आम्ही कायदाच वाचला. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५. कलम ४९. नगरपालिकेची कर्तव्यं त्यात दोन भागांत दिली आहेत: काही आवश्यक, काही इच्छेवर सोडलेली. आवश्यक कामांत रस्त्यावरचे दिवे आहेत, पाणी आहे, गटारी आहेत, सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या आहेत, प्राथमिक शाळा आहेत, आणि प्रेतांची विल्हेवाट लावण्याच्या जागाही आहेत. म्हणजे चाचांचं काम आणि चाचीचं काम कायद्यानं एकाच यादीत बसवलं आहे. दोन्ही करायलाच हवीत अशी. वाचनालय मात्र इच्छेवरच्या यादीत. ते वाचून आमच्यातला वाचनालयात मराठी शिकलेला मुलगा थोडा हिरमुसला.

गंमत म्हणजे हा 'पहिलं काम कोणतं' चा प्रश्न आमच्या भागात फार आधी एकानं सोडवलेला आहे. कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी. मुसलमान प्रजेसाठी काय करायचं म्हटल्यावर त्यांनी १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. काही दर्ग्यांचं उत्पन्नही त्याला जोडून दिलं. दर्ग्याच्या पैशातून पोरांच्या भाकरीची आणि अभ्यासाची सोय! आज एखाद्या उमेदवारानं हे बोलून दाखवलं तर त्याचं काय होईल, याची आम्हाला चांगली कल्पना आहे. राजाला मतं मागायची नव्हती, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण मग मतं मागणाऱ्यांकडून आम्ही राजापेक्षा कमी का मागतो, हा प्रश्न उरतोच.

असो. पुढं काळ असा आला की पहिलं काम विचारायला कुणी उरलंच नाही. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या बहुतेक पालिकांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि निवडणुका लांबत गेल्या. प्रशासक आले. चाचीच्या आमदनीत जी जागा 'मुसलमान' आणि 'पिंजारी' या दोन शब्दांच्या फरकावर टिकली होती, त्या जागांचं काय होणार हे कुणालाच सांगता येईना. अखेर ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घ्या असं बजावलं आणि २ डिसेंबर २०२५ ला मतदान ठरलं. आमच्या वर्गातल्या पोरांना तर नगरसेवक म्हणजे काय हेच नीट माहीत नव्हतं. ती पहिलीत होती तेव्हाची पालिका, आता ती सहावीत.

म्हणून नोव्हेंबरात आम्ही त्यांना उर्दूत एक निबंध घातला: 'अगर मैं मेंबर बना'. आमच्याकडे नगरसेवकाला मेंबरच म्हणतात. मुलींसाठी 'बनी' म्हणून फळ्यावर वेगळं लिहिलं, कारण तसं न लिहिलं तर मुलीही 'बना' लिहितात. वह्या घरी आणल्या. कुणाला क्रिकेटचं मैदान हवं होतं, कुणाला तालीम. एकीला मुरगूडच्या साई आखाड्यातल्या मुलींसारखी कुस्ती शिकायची होती आणि त्यासाठी आपल्या गावातही आखाडा हवा होता. तिच्या अब्बांना हे माहीत आहे की नाही कोण जाणे. पण सात पोरांनी, मोजून सात, पहिलं काम लिहिलं होतं: कब्रस्तान की दीवार.

अकरा वर्षांचं पोर. त्याला कब्रस्तानची भिंत का आठवावी? आम्ही वही मिटून बसलो. उत्तर अवघड नव्हतं. पोरांनी ते भिंतींवर वाचलं होतं, पत्रकांत वाचलं होतं, मोठ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. कुणीतरी 'यांस माझे प्रथम प्राधान्य राहील' असं झोकदार मराठीत लिहून ठेवलं होतं. ते गाव आमचं नव्हे, ती पत्रकंही आमची नव्हेत. पण असा पत्रक लिहिणारा एखादा मास्तर त्या गावातही असणारच.

शेवटची वही एका गप्प मुलीची होती. तिचा निबंध दीड ओळीचा. मेंबर बनी तो सबसे पहले लडकियोंके संडास के दरवाजे को कुंडी लगाऊंगी. बस्स. खाली नाव, हजेरी क्रमांक.

आम्ही रोज त्या दारावरून जात होतो. कडी तुटून किती दिवस झाले होते, हे विचारायचं धाडस झालं नाही. एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार धरून उभी राहायची; ते आम्ही बघितलंही होतं आणि मुली खेळतात असं समजलो होतो. दुसऱ्या दिवशी येताना हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणि चार स्क्रू घेतले. मधल्या सुट्टीत बसवली. अर्धा तासही लागला नाही. पैसे लागले ते एका नाश्त्याच्या बिलाएवढे. कडी बसवताना आम्हाला चाचीचं तोंड आठवत होतं.

त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली एक सून उभी राहिली. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, बोलायला धीट. ती सासऱ्यांबरोबर आमच्याकडे आली. पत्रक लिहून हवं होतं. शिक्षकानं प्रचारात पडू नये हा नियम आम्हाला ठाऊक आहे. शुद्धलेखन तपासणं प्रचारात येतं की नाही, यावर अजून कुणी परिपत्रक काढलेलं आमच्या बघण्यात नाही. तरीही आम्ही म्हणालो, लिहिणार तुम्हीच, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघू. आणि लिहायच्या आधी चाचीकडे जाऊन या.

चाची आता बाजार करत नाहीत. गुडघे गेले. पेटी माळ्यावर. ती मुलगी गेली ती दोन तासांनी परतली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कच्चा कागद आणला त्यात पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं: 'बाजारात येणाऱ्या सर्व महिलांसाठी पाण्याची सोय असलेली मुतारी.' अक्षर घोटीव. 'सर्व' शब्दाखाली रेघ.

त्या रात्री सासऱ्यांच्या सोप्यात बैठक बसली. बुजुर्ग होते, दोन तरुण होते, आम्ही होतो. चाचाही होते, आता थकलेले, भिंतीला टेकून. पहिल्या क्रमांकावर भिंत हवी हे कुणी बोलून दाखवायची गरजच नव्हती. सासरे म्हणाले, "सर, पत्रकावर सुनेचा फोटो असणार. खाली पहिलीच ओळ मुतारी? लोक काय म्हणतील?" नऊ वर्षांपूर्वी हेच वाक्य आम्ही ऐकलं होतं आणि कागदाची घडी घातली होती. या वेळी आम्ही बोललो. फार छान बोललो असं नाही. आवाज चढला, मध्ये एकदा उगाच कायद्याचं कलम सांगितलं, ते कुणालाच नको होतं. एक बुजुर्ग म्हणाले, मास्तर शिकलेले आहेत, त्यांना कब्रस्तानचं काय. तेव्हा वाईट वाटलं. आम्ही म्हणालो, "चाचा, आमचे अब्बा तिथंच आहेत. त्यांना भिंत पुरते. घरातल्या बायकांना विचारून या, त्यांना काय पुरत नाही ते." कुणी उठलं नाही. आतल्या खोलीत मात्र भांड्यांचा आवाज थांबला होता.

मग तडजोडी सुरू झाल्या. 'मुतारी' चं 'स्वच्छतागृह' झालं. ती मुलगी म्हणाली, स्वच्छतागृह म्हटलं तर बाजारातल्या बायकांना कळणार नाही. दोन्ही शब्द ठेवायचे ठरले. 'पाण्याची सोय असलेली' हे शब्द जागेअभावी जाणार होते, ते तिनं जाऊ दिले नाहीत. त्यासाठी 'सुसज्ज सभागृह' मधलं 'सुसज्ज' गेलं. क्रमांकावरून अकरापर्यंत ओढाताण चालली. चाचा शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. उठताना फक्त सासऱ्यांना म्हणाले, "छापो. हमारे वखत नै छापे, क्या फायदा हुआ?"

ती निवडून आली की पडली, हे इथं मुद्दाम लिहीत नाही, ओळख पटते. आणि ते त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. मतदान २ डिसेंबरला झालं. मोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची ती उच्च न्यायालयाच्या आदेशानं २१ डिसेंबरवर गेली. मधले एकोणीस दिवस यंत्रं कुलपात आणि सगळं गाव गणितात.

पत्रक छापून आलं त्या संध्याकाळी एक प्रत घेऊन आम्ही चाचीकडे गेलो. तिनं ते उलटंसुलटं करून बघितलं, फोटो बघितला, पोरगी चांगली दिसते म्हणाली. मग कागद आमच्या हातात परत दिला.

"कां लिखे हय, दिखा."

आम्ही ओळीवर बोट ठेवलं. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं, बांगडीचं माप घेतात तसं, सावकाश.

"कितने नंबरपे हय?"

"तीन," आम्ही म्हणालो.

"पैलेपे क्या हय?"

आम्ही सांगितलं. ती हसली. मग म्हणाली, "चलता. पिछले टैम तो होताच नै था."

आम्ही मान खाली घातली. २०१६ चं ते कात्रण तिला आम्ही कधी वाचून दाखवलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

"चाय पीता?" तिनं विचारलं, आणि उठायला गुडघ्यावर हात ठेवला.